फक्कीने आखलेली बोट

कस्तुराबाई ओव्हाळ आमच्या कंपनीत बाटल्या धुण्याच्या खात्यात होत्या. मी त्याच कंपनीत टाइम ऑफिसला कारकून. औषधाची कंपनी, त्यामुळे बाटली धुवायची म्हणजे नुसती विसळायची नाही. धुतलेली प्रत्येक बाटली दिव्यासमोर धरून बघायची आणि तळाशी एवढासा कण दिसला तरी पुन्हा धुवायला टाकायची. कस्तुराबाईंनी पास केलेली बाटली पुढच्या खात्यातून कधी परत आली नाही, असं त्यांची सुपरवायझर सगळ्यांना ऐकवायची. बाई सावळ्या, काटक, बोलायला कमी. इंदापूरकडचं गाव सोडून नवऱ्याबरोबर पिंपरीला आलेल्या. नवरा भिवा एका फाउंड्रीत भट्टीवर होता. नदीपलीकडे काळेवाडीत त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, दारात शेवग्याचं झाड. दोन मुली लग्न होऊन सासरी गेलेल्या. धाकटा जयसिंग. घराण्यातला पहिला मॅट्रिक.

एकोणसत्तर साली जयसिंग सतरा वर्षांचा होता. भिवाने फोरमनला गाठून त्याच्या अप्रेंटिसशिपचं जवळजवळ पक्कं केलं होतं. आणि पोरगा एक दिवस कोणाला न सांगता पुण्याला जाऊन नेव्हीच्या भरतीत उभा राहिला. उंची बसली, छाती बसली, पेपरही पास झाला. मग घरी कागद घेऊन आला. वय कमी असल्यामुळे त्यावर बापाची सही लागत होती.

"पाण्यावर कुठं नोकरी असती व्हय?" भिवा म्हणाला. "हितं जिमिनीवर कंपन्या मावंनात, आन् तू पाण्यात चालला!"

"आबा, इंजिनाचंच काम हाय. बोटीला इंजिन असतं."

"मंग हितल्या इंजिनांनी काय पाप केलं?"

तीन दिवस तो कागद बुद्धाच्या फोटोमागं खोचलेला होता. चौथ्या दिवशी सकाळी कस्तुराबाईंनी तो काढून भिवापुढं ठेवला. "तुमाला गाव सोडताना तुमच्या बानं अडवलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुमी ऐकलं का?" भिवाने सही केली. रात्रशाळेत शिकलेली त्याची सही, प्रत्येक अक्षर वेगळं उभं राहिलेलं. सही केली आणि पेन खाली ठेवलं ते मुलाशी बोलणं बंद करूनच. जयसिंग निघाला तेव्हा भिवा पहिल्या शिफ्टला गेला होता. पोराला पुणे स्टेशनावर सोडायला आई एकटीच गेली.

ट्रेनिंग विशाखापट्टणमला होतं. तिथून पत्रं यायची ती कस्तुराबाई जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे घेऊन यायच्या. मी वाचून दाखवायचो आणि त्या सांगतील तसं उत्तर लिहून द्यायचो. वर्षभर सगळं ठीक होतं. जेवण बरं आहे, पोहायला शिकलो, वजन वाढलं. पुढं सत्तर सालच्या पावसाळ्यात पत्र आलं की ट्रेनिंग संपलं, मला बोट मिळाली, आता मुंबईच्या फ्लीट मेल ऑफिसच्या पत्त्यावर लिहा.

ते पत्र ऐकलं आणि बाईंची झोप उडाली. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. बोट म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढं भीमेवरची नाव यायची, दहा माणसं आणि दोन शेरडं घेऊन डगमगत जाणारी. वस्तीत ज्याला विचारावं तो काहीतरी भलतंच सांगायचा. एकाने सांगितलं, समुद्राचं पाणी झाडाएवढं उंच उठतं. दुसऱ्याने सांगितलं, बोटीवर माणूस मेला की त्याला तिथंच पाण्यात सोडतात. सांगणाऱ्यांपैकी कोणी मुंबईच्या पलीकडे गेलेला नव्हता.

एका दुपारी डबा न उघडताच त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, बोटीत झोपत्यात कुठं? तिथं दार असतं का लावाया? आन् झोपंत कूस बदलली, तर पाण्यात न्हाई ना पडायचा?"

मी सोलापूरचा. मला बोटीतलं काय माहीत? पण चिंचवड स्टेशनजवळ कोंडाजी म्हणून एकाचं सायकलचं दुकान होतं, आणि हा माणूस इंग्रजांच्या वेळेपासून नेव्हीत होता असं मी ऐकून होतो. मी त्यांना तिकडे पाठवलं.

कोंडाजी पन्नाशीचा, अंगाने ठेंगणा, आणि तोंडाने फटकळ. बोटीच्या बॉयलरवर त्याने सतरा वर्षं काढली होती. त्या आवाजात राहून राहून त्याला मोठ्याने बोलायची सवय लागलेली. कस्तुराबाई दुकानात गेल्या तेव्हा तिथं आधीच एक बाई बसलेल्या होत्या. नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, पायापाशी गवारीची पिशवी. त्या चिखलीच्या रुक्मिणीबाई. घरची शेती, आणि मुलगा सयाजी नेव्हीत तोफेवर. त्याही तेच विचारायला आल्या होत्या. तेही तिसऱ्यांदा.

कोंडाजीने खडू घेतला आणि दुकानाच्या फरशीवर बोट काढली. "ही म्होरली बाजू. हितं तोफ. हितं खाली बॉयलर. हितं पोरं झोपत्यात."

कस्तुराबाई वाकून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "एवढीशी?"

"अवो बाई, एवढीशी कशी असंल? हे चित्र हाय!"

"मला चित्रातलं कळत न्हाई, दादा. माझा पोरगा केवढ्या जागंत हाय, ते मला कळंना."

कोंडाजीने खडू खाली ठेवला. फरशीवरची बोट त्याने पायाने पुसून टाकली. "येत्या रईवारी सकाळी या," तो म्हणाला. "दोघीबी या. आन् घरच्यास्नी घेऊन या."

त्या रविवारी मीही गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. चिंचवडच्या मागं तेव्हा मोकळं माळरान होतं. कोंडाजीने आदल्या दिवशीच दोरी आणि खुंट्या घेऊन माप धरलं होतं, आणि पहाटेपासून फक्की टाकत होता. कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी फक्की. तीनशे फूट लांब आणि चाळीस फूट रुंद अशी अख्खी बोट त्याने माळावर आखली होती. येणारे-जाणारे लोक विचारत होते, "सामने कधी हायत?"

कस्तुराबाई बोटीच्या टोकाशी उभ्या राहिल्या आणि शेवटापर्यंत बघत राहिल्या. आमच्या कंपनीची बाटल्यांची शेड त्यात दोनदा बसली असती.

"चला, चढा," कोंडाजी ओरडला. "हितनं. रेघंवरनं न्हाई, दरवाजा हितं हाय."

दोघी बायका पदर खोचून दरवाजातून आत गेल्या. कोंडाजी पुढं चालत सांगत होता. खरी बोट एकाखाली एक मजल्यांची असते, मी ते मजले शेजारी शेजारी मांडलेत, एवढं ध्यानात ठेवा. ही भटारखान्याची जागा, इथं दोनशे माणसांचा स्वयंपाक होतो. हा दवाखाना. ही सयाजीची तोफ. रुक्मिणीबाई तोफेच्या गोलात उभ्या राहून चारी बाजूंना वळून बघत होत्या. एका ठिकाणी सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद अशा पट्ट्या ओळीने आखलेल्या होत्या.

"हे पोरांचं बिछाने. एकावर एक तीन. लोखंडी चौकट असती, वरनं पट्टा असतो. कूस बदलली तरी पडत न्हाई. तुमचा जयसिंग हितं झोपतो. झोपून बघा."

बाई त्या उन्हात, त्या माळावर, फक्कीच्या दोन रेघांच्या मध्ये आडव्या झाल्या. हात जवळ घेतले. एकदा डावीकडे वळल्या, एकदा उजवीकडे. कोणी हसलं नाही. उठल्या तेव्हा पाठीला गवताच्या काड्या चिकटल्या होत्या आणि चेहरा मोकळा झाला होता.

"पुरती," त्या म्हणाल्या. "पोराला जागा पुरती."

तेवढ्यात मला भिवा दिसला. बायकोबरोबर तो आला नव्हता. मागून सायकलवर आला होता आणि दूर बाभळीखाली सायकलला टेकून उभा होता. कोंडाजी बॉयलरच्या चौकोनात शिरला आणि तेल कसं जळतं, वाफ कशी होते, ती बोट ढकलणारा पंखा कसा फिरवते हे मोठमोठ्याने सांगू लागला. भिवा चार पावलं पुढं आला. मग आणखी चार. शेवटी रेघेपाशी येऊन थांबला.

"भट्टीम्होरं येका टायमाला किती वेळ उभं राहायचं?" त्याने विचारलं.

"चार घंटं. मंग आठ घंटं सुट्टी."

"चारच? आमाला तर आठ हाय." भिवाने चौकोनाकडे पाहिलं. "आन् हवा? हवा कुठनं येती?"

"वरनं पंखं लावलेलं असत्यात. या ना आत, दावतो."

भिवाने चपला रेघेबाहेर काढल्या आणि बॉयलरमध्ये गेला. पुढचा अर्धा तास दोघं मातीत बसून बोलत होते. बायका बोट फिरून परत आल्या तरी त्यांचं संपलं नव्हतं. जयसिंगच्या पुढच्या पत्राला उत्तर लिहायला कस्तुराबाईंबरोबर भिवाही टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला. "लिव्हा," तो म्हणाला, "भट्टीचं दार उघडताना तोंड बाजूला ठिवायचं. आबानं सांगितलंय म्हणावं."

त्यानंतर महिन्यातून एक रविवार ही मंडळी एकत्र जमू लागली. त्याला कोणी नाव दिलं नाही. पत्रं घेऊन यायची, ज्याला वाचता येतं त्याने वाचायची, कोंडाजीने अर्थ सांगायचा. आळंदीत तुळशीच्या माळा विकणारे ज्योतीराम म्हणून एक होते. त्यांचा मुलगा बोटीवर स्वयंपाकी होता. तेही येऊ लागले. कधी दुकानात, कधी कोणाच्या घरी.

एकदा चिखलीला रुक्मिणीबाईंच्या घरी जमायचं ठरलं. सगळ्यांना चहा पितळी कपबशांतून आला, आणि कस्तुराबाई व भिवाला काचेच्या ग्लासातून. ग्लास वेगळ्या ताटलीत, रुक्मिणीबाईंच्या सासूने स्वतः आणून ठेवलेले. भिवाने ग्लासाला हात लावला नाही. कस्तुराबाईंनी चहा प्याला, ग्लास विसळून उंबऱ्याबाहेर पालथा घातला, आणि दुसऱ्याच्या पत्रातलं ऐकत बसल्या. निघताना रुक्मिणीबाई वेशीपर्यंत आल्या.

"बाई, म्हातारी हाय..."

"तुमची पोरं आन् माझी पोरं येकाच भटारखान्यातलं खात्यात," कस्तुराबाई म्हणाल्या. "तुमी कवातरी काळेवाडीला या." एवढंच बोलून त्या चालू लागल्या.

पुढचे चार महिने रुक्मिणीबाई आल्या नाहीत. चिखलीची पत्रं ज्योतीराम आणून वाचायचे.

एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्ध लागलं. संध्याकाळचे दिवे बंद, खिडक्यांना काळे कागद, कंपनीच्या भोंग्याची वेळसुद्धा बदलली. जयसिंगचं शेवटचं पत्र दिवाळीनंतरचं होतं. मग काही नाही. कस्तुराबाई कामावर येत होत्या आणि बाटली दिव्यासमोर धरून बघत होत्या. सुपरवायझर म्हणाली, चार दिवस रजा घ्या. त्या म्हणाल्या, "घरी काय बघू?"

मग एक दिवस रेडिओवर सांगितलं की आपली एक बोट बुडाली. कोणती, ते आमच्यापर्यंत नीट पोचलं नाही. काळेवाडीत शेजारच्या घरात ट्रान्झिस्टर होता तिथं माणसं जमली. कोणी एक नाव ऐकलं होतं, कोणी दुसरंच. दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई दारात उभ्या असताना नदीच्या बाजूने एक बाई येताना दिसल्या. चिखलीपासून चालत आलेल्या, धुळीने पाय पांढरे, डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला. रुक्मिणीबाई.

"माझ्याच्यानं घरात बसवंना," त्या म्हणाल्या. "तिथं समदी मला धीर देत्यात. त्यास्नी काय ठावं?"

कस्तुराबाईंनी त्यांना आत घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं, आणि भाकरी थापायला बसल्या. रुक्मिणीबाई परातीपाशी सरकल्या. "सरा, मी थापते. तुमी तवा बघा." त्या दिवशी दोघींनी एका ताटात खाल्लं. पाच दिवस रुक्मिणीबाई त्या घरात राहिल्या. चिखलीहून दीर न्यायला आला, म्हाताऱ्या आईने काय काय म्हटलंय ते त्याने दारातूनच सांगितलं. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "आत्यास्नी सांगा, मी माझ्या माणसांत हाय." मग दिरानेही पाणी मागितलं, प्यायला आणि गेला.

बातमी कळल्या दिवशीच कोंडाजीने दुकानाला कुलूप लावून मुंबईची एसटी धरली होती. जुन्या ओळखी होत्या त्याच्या, आणि नसत्या तरी तो कुठल्याही दारातून आत घुसला असता. सहाव्या दिवशी दुपारी तो काळेवाडीत आला. दाढी वाढलेली. दोघी दारातच बसल्या होत्या. लांबूनच तो ओरडला. बॉयलरवाल्याचा आवाज, सगळ्या वस्तीने ऐकला.

"हायत! दोघंबी हायत!"

कस्तुराबाई उठून उभ्या राहिल्या आणि पुन्हा खाली बसल्या. कोंडाजीने जवळ येऊन बाकीचं सांगितलं. बुडालेली बोट वेगळी, या तिघा पोरांपैकी कोणी तिच्यावर नव्हतं. जयसिंग धडधाकट आहे. ज्योतीरामांचा मुलगाही. सयाजी मात्र दवाखान्यात आहे. तोफेच्या आवाजाने एक कान गेला आणि दंडाला भाजलंय. जीव सलामत आहे.

"कान ना?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "येकच ना? दुसरा हाय ना?" आणि मग इतके दिवस न रडलेल्या त्या बाई रडल्या. कस्तुराबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. पण ज्यांची पोरं त्या बोटीवर होती, त्या घरांचा विचार कस्तुराबाईंच्या मनातून गेला नाही. त्या मला पुढं म्हणाल्या होत्या, "माझ्या दारात कोंडाजी आला. त्यांच्या दारात कोन आलं असंल, भाऊ?"

बहात्तरच्या जानेवारीत युद्ध संपून सगळं शांत झाल्यावर आम्ही सगळी मंडळी घाट उतरून एसटीने मुंबईला गेलो. दवाखाना समुद्राच्या बाजूलाच होता. कस्तुराबाईंनी तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहिला. कठड्याला धरून बराच वेळ बघत होत्या. मी विचारलं, कसा वाटला? "लई हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

सयाजी खाटेवर बसून होता. आई बोलायला लागली की तो मुद्दाम गेलेला उजवा कान पुढं करून म्हणायचा, "आता तुझं रागावणं ऐकू येत न्हाई." रुक्मिणीबाई त्याला चापट मारून डाव्या बाजूला जाऊन बसल्या. थोड्या वेळाने पांढऱ्या कपड्यातला एक उंच तरुण दारातून आत आला. भिवाने त्याला आधी ओळखलंच नाही. मग ओळखलं. बाप-लेक समोरासमोर उभे राहिले.

"भट्टीचं दार उघडताना," भिवाने विचारलं, "तोंड बाजूला ठिवतो का?"

"ठिवतो, आबा."

भिवाने त्याच्या हाताची बोटं उलटी-सुलटी करून बघितली. डाग होते, फाउंड्रीतल्या माणसाच्या हातावर असतात तसेच. तो हात त्याने बराच वेळ सोडला नाही.

कस्तुराबाईंचं खरं काम यानंतर सुरू झालं, असं मला वाटतं. पिंपरी-चिंचवड वाढत होतं, कंपन्या वाढत होत्या, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वस्तीतला एखादा पोरगा नेव्हीत जात होता. पोस्टमन रंगराव त्यांच्या ओळखीचा झाला होता. नव्या घरात विशाखापट्टणमचा पहिला लिफाफा आला की तो त्यांच्या कानावर घालायचा. मग रविवारी बाई त्या घरी जायच्या. कधी आकुर्डी, कधी भोसरी, कधी चाकणच्या पलीकडचं एखादं गाव. भिवा सायकलवर मागं बसवून न्यायचा. रुक्मिणीबाई जमेल तेव्हा बरोबर असायच्या. कस्तुराबाई उपदेश करायच्या नाहीत. घरात जाऊन बसायच्या आणि विचारायच्या, "तुमाला कशाची भीती वाटती? सांगा. मला समद्याची वाटली व्हती."

सगळीच घरं त्यांना आत घेत नसत. एका ठिकाणी आडनाव विचारलं आणि दारातूनच वाटेला लावलं. त्या परत आल्या, आणि दोन महिन्यांनी त्या घरच्या पोराचं पत्र येईना झालं तेव्हा पुन्हा गेल्या. त्या वेळी दार उघडलं.

कोंडाजी शहात्तर साली गेला. त्याच्या तेराव्याला माळा विकणारे, फाउंड्रीवाले, शेतकरी असे तीसेक आईबाप जमले होते. त्याच्या घरच्यांना ही माणसं कोण, हेच कळेना. चिखलीच्या म्हातारीने शेवटच्या दुखण्यात कस्तुराबाईंच्या हातची पेज मागून घेतली, असं रुक्मिणीबाईंनी मला सांगितलं. म्हातारी त्याबद्दल स्वतः कोणापाशी बोलली नाही.

जयसिंग एक्याऐंशी साली बारा वर्षांची नोकरी संपवून परत आला. त्याला एका कारखान्यात बॉयलरवर लगेच काम मिळालं. पत्नी, एक मुलगी, आणि काळेवाडीत वर चढवलेली तिसरी खोली. सयाजीने चिखलीत शेतीपंप दुरुस्तीचं दुकान काढलं. भिवा रिटायर झाला होता. सगळ्यांना वाटलं, आता बाई घरी बसतील.

त्याच वर्षी भाद्रपदात मी आळंदीला गेलो होतो. घाटाकडे जाणाऱ्या बोळात एका ओट्यावर कस्तुराबाई दिसल्या. शेजारी तिशी-पस्तिशीची एक बाई, दोघींच्या मध्ये सूप, आणि दोघी लसूण सोलत होत्या. ती बाई दुर्गाबाई, लातूरकडून आलेली. नवरा चाकणला कामाला, थोरला मुलगा तीन आठवड्यांपूर्वी नेव्हीत गेलेला.

दुर्गाबाई त्यांना विचारत होती, "मावशी, तुमचा तर आला की घरला परत. मग आता तुमी कशापायी येवढ्या लांब येताव?"

कस्तुराबाईंनी हातातली पाकळी सोलून सुपात टाकली.

"तुझा आला न्हाई अजून, म्हणून," त्या म्हणाल्या. "आता सांग, तो पोहतो का? की ते पन तिथंच शिकायचाय?"

दुर्गाबाई हसली आणि सांगू लागली. मी ओट्याच्या कडेला टेकलो. पत्र आलंच तर वाचायला कोणीतरी लागणारच होतं.